4,29,49,67,297 चे अवयव पोट्ट्यायनं हातानं काढावे का मोबाईलवर?

मास्तर_दारव्हा:
आपल्या इकडं गणित म्हणजे नवोदय नि स्कॉलरशिपचे पेपर, बस. माह्यं मत असं का आठवी-नववीच्या लेकरायले वर्षातून एक तरी मोठी संख्या द्या अन् हातानं फोडू द्या. वरची संख्या म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. फर्मा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाले वाटे का 3, 5, 17, 257, 65537 या रीतीच्या (म्हणजे 2 चा 1, 2, 4, 8, 16 वा घात अधिक 1, असं घातांक दुप्पट करत) साऱ्याच संख्या मूळ असतात, या पाच बरोबर निघाल्या, अन् मंग 1732 मध्ये ऑयलरनं पुढची संख्या 641 नं भागून दाखवली, बाकी शून्य, भागाकार 67,00,417. तवा कुठं कॅल्क्युलेटर होता?

कपाशीवाला:
मास्तर, राग नका मानू, पण पोट्ट्यायले तीन अंकी भागाकार येत नाही अन् तुम्ही दहा अंकी द्या म्हनता. 641 येईस्तोर 116 मूळ संख्या होतात, एकेकीनं भागत बसाचं का? सोयाबीनच्या हंगामात निम्मे लेकरं वावरात असतात, मोबाईल क्षणात सांगते, काहून त्याइचा जीव खाता?

भरतीवाली_पुसद:
कपाशीवाले भाऊ बरोबर बोलले. पोलीस भरतीत 100 प्रश्न नि 90 मिनिटं, तिथं हे कुठं कामी येते?

एमएस्सी_वाशिम:
116 भागाकार लागतच नाहीत. या संख्येचा कोणताही मूळ अवयव 64 च्या पटीत 1 मिळवूनच येते, हे ऑयलरनंच सिद्ध केलं. त्या रांगेतल्या मूळ तेवढ्या धरा: 193, 257, 449, 577, 641. पाचव्यातच काम झालं! म्हणून मी मास्तरायच्याही विरोधात हाये, नुसता भागाकार करत बसणं म्हणजे गणित नाही, कुठं शोधाचं हे कळणं गणित हाये.

मास्तर_दारव्हा:
64 ची गोष्ट आधीच सांगतली तं पोरगं वहीत उतरवीन अन् विसरीन. आधी दहा-पंधरा भागाकार करू द्या, मंग तेच विचारीन का सर, यात कमी कसं करता येईन. अन् भरतीवाल्या ताई, मोबाईलवरचे बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात ते बऱ्याच अंशी याच्यावर का शेकडो अंकी संख्येचे अवयव कॉम्प्युटरलेही सापडत नाहीत. आपल्या पोराइनं हे पेपरात नाही म्हणून शिकूच नये का?

एमएस्सी_वाशिम:
मंग त्याइले हे द्या. 641 = 5 × 128 + 1, अन् 641 = 625 + 16, म्हणजे 5 चा चौथा घात अधिक 2 चा चौथा घात. एवढ्यावरून 641 नं भाग जाते हे मोठा भागाकार न करता सिद्ध होते, घातांकाचे नियम नि a⁴ − 1 चे अवयव आले का झालं.

कपाशीवाला:
नववीचं ठीक हाये सर. पण माह्या पोराले सहावीत हातचा घेता येत नाही, ते कोण शिकवीन? आधी त्याच्यावर बोला, मंग द्या कितीबी अंकी.