किम ह्वानकींचे ठिपके कोरियाचे की न्यूयॉर्कचे?

चर्चाप्रस्ताव (रेघोट्या):
कोरियन चित्रकार किम ह्वानकी (१९१३–१९७४) यांचे ‘युनिव्हर्स’ हे निळ्या ठिपक्यांचे चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात दहा कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. अशा चित्रांत कोरियाचा आत्मा शोधण्याची प्रथाच पडली आहे. तोक्योत शिक्षण, पुढे पॅरिसमधील वास्तव्य, १९६३ च्या साओ पावलो (ब्राझील) येथील द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात अमेरिकी चित्रकार अ‍ॅडॉल्फ गॉटलीब यांच्या चित्रांचा पडलेला प्रभाव आणि लगेच न्यूयॉर्कला प्रयाण, हा प्रवास पाहता मला ही चित्रे अमेरिकी अमूर्तवादाचीच वाटतात.

प्रतिसाद (शाईदौत):
पूर्णपणे असहमत. प्रवासाच्या नोंदी वाचण्याऐवजी कापडाकडे पाहावे. ह्वानकी तैलरंग इतका पातळ करीत की तो सुती कॅनव्हासवर थर न धरता आत मुरत असे आणि ठिपक्याची कड कागदावरच्या शाईसारखी पसरत असे. गॉटलीब यांचे आकार पृष्ठभागावर ठाम बसतात. हे मुरणे तिथे नाही. शिवाय न्यूयॉर्कमधील दैनंदिनीत, कोरियातील सोल शहराची आठवण काढत आपण ठिपके देतो, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

प्रतिसाद (उंबरठा):
मला दोघांपेक्षा निराळी शंका आहे. या चित्रांना सर्रास ‘अंतःप्रेरणेची’ म्हटले जाते. पण एक ठिपका द्यायचा, त्याभोवती चौकट काढायची, पुन्हा गिरवायची आणि अडीच मीटर उंचीचा कॅनव्हास असाच भरत न्यायचा, याला अंतःप्रेरणा म्हणायचे की मजुरी?

रेघोट्या:
शाईदौत यांचा कापडाचा मुद्दा वजनदार आहे, दैनंदिनीचा नाही. घरची आठवण हा चित्राचा विषय होऊ शकतो, शैली नव्हे. कोरियातील जोसन राजवटीच्या काळातले पांढरे चांद्रकुंभ (चंद्रासारखे गोल चिनीमातीचे कुंभ) ह्वानकींनी पन्नाशीच्या दशकात चितारले, तेव्हाच्या चित्रांना कोरियन म्हणायला माझी हरकत नाही.

शाईदौत:
म्हणजे कुंभ दिसला तरच कोरिया? आपले वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकी अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्को यांना भेटले, तरी त्यांच्या रंगलेपनाला कोणी रॉथ्कोची शाखा म्हटले तर आपण भांडायला उठतो. १९७० च्या ठिपक्यांच्या गाजलेल्या चित्राचे शीर्षक ह्वानकींनी किम ग्वांग-सोप या कोरियन कवीच्या ओळीवरून घेतले आणि ते चित्र सोलच्या स्पर्धेसाठी पाठवले. न्यूयॉर्कच्या चित्रकाराला सोलच्या परीक्षकांची पसंती कशाला हवी होती, एवढे सांगा.