म्युनिकमधील उन्हाळा : शनिवार-रविवारी काय पाहावे?

प्रश्न : जून ते ऑगस्ट मी म्युनिकमधील एका प्रयोगशाळेत काम करणार आहे. विद्यावेतनात भागेल अशा बेताने शनिवार-रविवारी आसपास काय पाहावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : सर्वप्रथम डॉइचलांड-तिकीट घ्यावे. हे मासिक तिकीट जर्मनीभर स्थानिक व प्रादेशिक गाड्यांना चालते, आयसीईसारख्या जलद गाड्यांना नाही. मात्र सीमेपलीकडील साल्झबुर्गपर्यंत त्यावर जाता येते. त्याचे नूतनीकरण आपोआप होत असल्याने ऑगस्टच्या १० तारखेच्या आत ते रद्द करावे.

प्रतिसाद २ : नॉयश्वानस्टाइनचा किल्ला सगळेच पाहतात, परंतु मला विचाराल तर बेर्ख्तेसगाडेनजवळचे क्योनिग्सझे सरोवर मुळीच चुकवू नये. तिथे १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या नावा आहेत; मध्यावर नाव थांबवून नावाडी तुतारीसारखे वाद्य वाजवतो आणि समोरच्या कड्यावरून ते सूर परत येतात, तेव्हा सह्याद्रीतल्या एखाद्या दरीत घातलेली साद आठवल्याशिवाय राहत नाही. पहाटेची गाडी पकडावी.

प्रतिसाद ३ : रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून किराणा शनिवारीच भरावा. पावसाळी रविवारी आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयात जावे. त्या दिवशी प्रवेश एका युरोत मिळतो आणि ड्यूररचे १५०० सालचे आत्मचित्र तिथेच आहे. डाखाऊचे स्मारकही अवश्य पाहावे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या त्या छळछावणीत प्रवेशशुल्क नाही, पण त्यानंतर त्या दिवशी दुसरे काही पाहण्याचे ठरवू नये.