जळगाव की नंदुरबार? एमबीबीएसच्या यादीत वर कोणतं टाकावं?

अमळनेरकर (प्रश्न)

राम राम मंडळी. पुतणीला नीटच्या मार्कांवर स्टेट कोट्यातून सरकारी सीट मिळेल असं दिसतंय. धुळं आम्ही वर टाकणारच आहोत, प्रश्न त्याखालच्या दोन नव्या कॉलेजांचा आहे: जळगाव (2018 चं) आणि नंदुरबार (2020 चं). आम्ही सुरत लाइनवरचे, एक या अंगाला आणि एक त्या अंगाला. फी सारखी, बॉण्डही (शिकून झाल्यावरची सक्तीची सरकारी सेवा) सारखाच. घरात दोन तट पडलेत. आजोबा म्हणतात दोन वर्षं जुनं ते जुनं, तिचे बाबा म्हणतात छोटी बॅच बरी. नव्या कॉलेजात नेमकं काय अडतं आणि जाऊन काय बघावं?

सातपुडा_ओपीडी

आधी इमारत डोक्यातून काढा. दोन्ही कॉलेजं जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलवर उभी आहेत, आणि एमबीबीएस शिकवतो तो तिथला पेशंट. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2023 च्या निकषांत 100 सीटला 420 खाटा लागतात, 150 ला 605. जळगावला 150 सीट, नंदुरबारला 100. भागाकार केला तर दोन्हीकडे पोरामागे चारच खाटा येतात, तेव्हा 'छोटी बॅच' हा मुद्दा वाटतो तेवढा मोठा नाही. खाट भरलेली आहे का आणि तिच्याशेजारी शिकवायला कोण उभं आहे, ते महत्त्वाचं.

सोमवारी सकाळी नऊला जा. केसपेपरच्या खिडकीपाशी थोडं थांबा, मग मेडिसिन, सर्जरी आणि बाळंतपणाच्या वॉर्डातून एक चक्कर मारा. सीटी स्कॅन चोवीस तास चालतो का, रक्तपेढी आवारात आहे का, रात्री सिझेरियनला भूलतज्ज्ञ हजर असतो का, हे तिथल्या इंटर्नला विचारा. कार्यालयातल्या माणसापेक्षा तो खरं सांगेल. आणखी एक विचारायचं: रेफर काय काय होतं? डोक्याला मार लागलेला पेशंट दारातूनच पुढे पाठवला जात असेल, तर पोरांना तो दिसणारच नाही.

केसेसचा पोत दोन्हीकडे वेगळा आहे. जळगावला हायवेचे अपघात, सर्पदंश, कपाशीच्या फवारणीची विषबाधा. विषबाधेत डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झालेली, तोंडाला फेस, छातीत घरघर. अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध द्यायचं ते बाहुली मोठी होईपर्यंत नाही, तर छाती कोरडी होईपर्यंत, हे तिथे डोळ्यांनी बघून कळतं. नंदुरबारला धडगाव-अक्कलकुव्याकडून येणारा सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), कुपोषित बाळं, रक्त अगदीच कमी असलेल्या गरोदर बाया. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट (पहिली चाळणी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झालं असं नाही. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनच्या पुढच्या तपासण्यांवर ठरतं, आणि पोरं इथेच चुकतात. तिथे हिस्ट्री घ्यायला पावरी-भिली या तिकडच्या बोली कानावर पडलेली असली तर काम सोपं होतं. अहिराणीवर निम्मंच भागतं.

बोदवडचा_मास्तर

वरच्या प्रतिसादात शिक्षकांचा मुद्दा अर्धाच आला. नव्या कॉलेजात खरी अडचण मधल्या फळीची असते. पीजीच्या (एमडी-एमएसच्या) जागा जिथे थोड्या, तिथे रेसिडेंट (वॉर्डात काम करत शिकणारे डॉक्टर) थोडे, आणि रात्री वॉर्डात शिकवतो तो रेसिडेंटच. याचा फायदाही आहे: सलाईन लावणं, टाके घालणं, नॉर्मल डिलिव्हरी हे सगळं इंटर्नच्या वाट्याला भरपूर येतं. पण चूक दाखवणारं कोणी नसेल तर हात चुकीच्याच सवयीला बसतो. म्हणून विभागवार यादी बघा: प्राध्यापक किती, सहयोगी किती, सिनिअर रेसिडेंट किती, कोणत्या विषयात पीजी सुरू आहे. फॉरेन्सिक आणि रेडिओलॉजीच्या जागा बऱ्याच ठिकाणी रिकाम्या असतात, तिकडे आधी नजर टाका. पहिल्या वर्षासाठी अ‍ॅनाटॉमी हॉलमध्ये एका देहाभोवती किती पोरं उभी राहतात तेही विचारा. वीस-पंचवीस असतील तर मागच्या रांगेला काही दिसत नाही.

मान्यतेचं दोन ओळींत. नव्या कॉलेजला आधी परवानगी मिळते, ती दरवर्षी पुढे चालू ठेवावी लागते, आणि पहिली बॅच शेवटच्या परीक्षेला बसली की मान्यतेची तपासणी होते. वाढवलेल्या सीटची मान्यता वेगळी असते. एनएमसीच्या साइटवर कॉलेजच्या नावापुढचा सीटचा आकडा आणि मान्यतेचा शेरा दोन्ही वाचा, नुसतं नाव बघून परत येऊ नका.

नीट-पीजीला कॉलेजचं नाव मोजत नाहीत, 800 पैकी मार्क मोजतात. माझं मत जळगाव वर, नंदुरबार खाली. कारण एकच: आधीच्या बॅचेस पुढे गेल्या की सिनिअरच्या नोट्स, लॉगबुकची शिस्त, प्रॅक्टिकलची तयारी या गोष्टी रुळलेल्या असतात.

कॅपवाला_भाऊ

मास्तर, तुमचं मत ठीक, पण पुतणीला पुढे कम्युनिटी मेडिसिन किंवा बालरोग करायचं असेल तर मी उलट क्रम लावीन.

आता फॉर्मबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. कटऑफ बघून क्रम लावू नका, आवडीने लावा. यंत्रणा वरून खाली बघत येते, वर अवघड कॉलेज टाकल्याने खालचं हुकत नाही. सीट मिळाल्यावर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला की तीच सीट पक्की आणि पुढच्या राउंडचा रस्ता बंद. तो भरला नाही आणि पुढे वरची पसंती लागली, तर जुनी सीट आपोआप जाते, मग 'नको, आधीचीच बरी होती' म्हणून चालत नाही. म्हणून जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत ठेवूच नका. नियम दरवर्षी थोडे हलतात, सीईटी सेलचं (राज्याच्या प्रवेश यंत्रणेचं) यंदाचं माहितीपत्रक वाचूनच बटण दाबा.

अमळनेरकर

फार उपयोग झाला. पोरीला बालरोगाचीच ओढ आहे, त्यामुळे आता आजोबांना पटवावं लागणार. रोज घरून जाऊन-येऊन जमेल का? आजी तेच विचारतेय.

कॅपवाला_भाऊ

नाही भो. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी लागते, आणि पुढे क्लिनिकल पोस्टिंगला रात्रीची इमर्जन्सी बघायला मिळते ती हॉस्टेलवर राहणाऱ्यालाच. अ‍ॅडमिशनच्या दिवशीच हॉस्टेलचा अर्ज टाका. आणि ओबीसीतून असाल तर जात वैधता व नॉन-क्रिमिलेअरची मूळ प्रत आजच काढून बघा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, बरेच जण गेल्या वर्षीचंच घेऊन येतात.