फळी, सिलिकॉन, रंग आणि नळी: एकाच फेरीत दुकानातून काय काय आणायचं?

काटकोन

मंडळी, घरातली चार कामं स्वतः करायची आहेत. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात एकदाच जाऊन सगळं सामान आणायचा विचार आहे.

१. भिंतीवर पुस्तकांसाठी १२० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद फळी.
२. बाथरूममध्ये बेसिन आणि टाइल्सच्या सांध्यातलं काळं पडलेलं सिलिकॉन काढून नवीन भरणं. वर आरसाही चिकटवायचा आहे.
३. बेसिनखालची लवचीक नळी बदलणं.
४. ३ × ४ मीटरच्या खोलीच्या भिंती रंगवणं. बारीक तडे आहेत, ओल नाही. उंची २.८ मीटर.

हॅमरची सोय असलेलं साधं ड्रिल आहे. बाकी काही नाही. दुकानात प्रत्येक वस्तूचे वीस प्रकार समोर येतात आणि डोकं चालेनासं होतं. काय मोजून न्यायचं? कशात स्वस्तातलं चालतं आणि कशात नाही? फळीची धास्ती सगळ्यात जास्त आहे, कारण खाली पलंग आहे.

आडवी_उभी

फळीचं सामान घेण्याआधी भिंत कसली आहे ते शोधा. दुकानातला जाणकार माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि "साधी भिंत" हे उत्तर त्याच्या काही उपयोगाचं नसतं.

फळीमागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीच्या बिटने एक भोक पाडा आणि भुकटी बघा. पहिले १२ ते २० मिमी गिलावाच असतो, त्यावरून काही ठरवू नका. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. करडी भुकटी आणि बिट रखडत पुढे जातंय, तर काँक्रीट. पांढरट-करडी, हलकी भुकटी आणि बिट विनासायास आत, तर एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला हलका सिमेंटचा ठोकळा). गिलावा संपताच बिट एकदम पोकळीत गेलं तर पोकळ ठोकळा. गिलावा नाहीच, सेंटिमीटरभर पांढरा थर आणि मागे पोकळी, तर जिप्सम बोर्ड. शेवटच्या प्रकारात मागच्या लोखंडी पट्ट्या सापडल्याशिवाय पुस्तकांची फळी लावू नका, नुसता बोर्ड ते वजन पेलणार नाही.

वीट किंवा काँक्रीट असेल तर नायलॉनची ८ मिमी गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू घातला की फाकणारी नळी), ८ मिमीचं काँक्रीटचं बिट आणि ५ मिमी जाडीचा स्क्रू. बहुतेक गोंधळ स्क्रूच्या लांबीत होतो. गिट्टीची लांबी, ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडी आणि स्क्रूची स्वतःची जाडी यांची बेरीज करायची, म्हणजे टोक गिट्टीतून पलीकडे निघून ती पूर्ण फाकते. गिलाव्यात फाकलेली गिट्टी धरत नाही, ती विटेत बसायला हवी. म्हणून गिलावा १५ मिमी आणि गिट्टी ४० मिमीची असेल तर ती १५ मिमी आत ढकलायची. हिशेब असा: १५ + ४० + ३ + ५ = ६३, म्हणजे ७० मिमीचा स्क्रू घ्या. तो ६७ मिमी आत जाणार, तेव्हा भोक ७५ मिमी खोल हवं. बिटवर ७५ मिमीला चिकटपट्टीची खूण करा. भोकातली भुकटी फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर गिट्टी तळापर्यंत जात नाही आणि स्क्रू अर्ध्यात अडतो.

बिट घेताना दांडी बघा. खाचा असलेली एसडीएस दांडी साध्या तीन जबड्यांच्या चकमध्ये बसत नाही. तुम्हाला गोल किंवा षटकोनी दांडीचं लागेल, तेही टोकाला कार्बाइड असलेलं. लाकडाच्या बिटने विटेत गेलात तर पहिल्याच भोकात त्याची धार जाईल.

कंजूषी बिट आणि गिट्टीत नको. लेव्हल पट्टी ४० ते ६० सेंमीची साधी चालेल, फक्त घेताना दुकानातच तपासा: एका जागेवर ठेवून बुडबुडा बघा, मग पट्टी १८० अंशांत फिरवून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी यायला हवा.

सव्वा_सूत

वरच्या उत्तरात ब्रॅकेट राहिले. फळी पडते तेव्हा बहुधा वरचा स्क्रू भिंतीतून उपसून आलेला असतो. वजन खाली ओढतं हे सगळ्यांच्या लक्षात असतं, बाहेर ओढतं हे विसरलं जातं.

पुस्तकांचं वजन मीटरला २५ ते ३० किलो धरा. म्हणजे तुमच्या फळीवर ३० ते ३६ किलो. वजनाचा मध्य भिंतीपासून १२.५ सेंमीवर. वरच्या स्क्रूपासून ब्रॅकेटच्या खालच्या टोकापर्यंत २० सेंमी असेल, तर वरच्या स्क्रूंवरची एकूण ओढ ३६ × १२.५ ÷ २० = २२.५ किलो. तेच अंतर १० सेंमी असेल तर ४५ किलो. वजन तेवढंच, भार दुप्पट! म्हणून एल आकाराच्या ब्रॅकेटचा लांब पाय भिंतीला लावायचा. दिसायला छान म्हणून आखूड पाय भिंतीला लावलेले ब्रॅकेट सर्रास दिसतात. आडवा पाय फळीच्या रुंदीच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी नको, म्हणजे इथे किमान १७ सेंमी.

ब्रॅकेट तीन घ्या, दोन नको. १८ मिमीची फळी दोन टोकांवर टेकवून १२० सेंमी मोकळी सोडली तर पुस्तकांनी मधे झोल येणारच. मीटरमागे वजन तेवढंच असेल तर आधारांमधलं अंतर दुप्पट केल्यावर झोल सोळापट होतो. आधार १०, ६० आणि ११० सेंमीवर ठेवा. मधल्या ब्रॅकेटवर सगळ्यात जास्त भार येतो, त्यामुळे त्याची भोकं पाडताना घाई नको. फळी १८ मिमी प्लायची घ्या. पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो, पण वर्षभर भाराखाली वाकला की पुस्तकं काढली तरी सरळ होत नाही, आणि स्क्रू एकदा काढून परत लावला की आटे धरत नाहीत. ब्रॅकेट फळीला जोडायला ४ × १६ मिमी. २० मिमीचा अगदी काठावर येतो, त्याहून लांब घेतले तर वरून टोक बाहेर येईल.

ब्रॅकेटचं भोक सपाट असेल तर सपाट बुडाच्या डोक्याचा स्क्रू घ्या. शंकूच्या आकाराचं डोकं सपाट भोकात फक्त कडेवर टेकतं.

गन_हातात

सिलिकॉनबद्दल. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा, पुढची नको. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक सिलिकॉन टाइल, काच, सिरॅमिकच्या बेसिनला ठीक आहे. आरशामागे मात्र ते वापरू नका, त्यातून निघणारं ॲसिड आरशामागचा चांदीचा थर खातं आणि काही महिन्यांत काळे डाग दिसतात. संगमरवरावर, सिमेंटवर आणि उघड्या धातूवरही नको. तिथे न्यूट्रल, म्हणजे ॲसिड न सोडणारं सिलिकॉन. तुम्हाला आरसाही लावायचा असल्याने सगळीकडे न्यूट्रलच घ्या, बुरशीरोधक, आणि ट्यूबवर आरशासाठी चालतं असं लिहिलेलं. संगमरवर असेल तर त्यावर डाग न पडणारं असंही वेगळं लिहिलेलं हवं, काही न्यूट्रल प्रकारही दगडात तेल सोडतात.

एका ट्यूबमध्ये साधारण ३०० मिली असतात. सांधा ६ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल धरला तर ३६ चौमिमी, म्हणजे ३,००,००० ÷ ३६, सुमारे ८.३ मीटर. बेसिनला एक ट्यूब भरपूर. मुदतीची तारीख बघा. मुदत उलटलेलं सिलिकॉन कित्येकदा सुकतच नाही, चिकट राहतं.

जुन्यावर नवीन धरत नाही, हे महत्त्वाचं. कटरने दोन्ही कडा कापून जुनी पट्टी ओढून काढा, उरलेलं ब्लेडच्या खरवडणीने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. यादीत एवढं हवं: कटर आणि जादा पाती, खरवडणी, मास्किंग टेप, गन, अल्कोहोल. टेप सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावा, सिलिकॉन भरा, एकाच ओढीत सलग सफाई करा आणि साय धरायच्या आत टेप काढा. उशीर झाला की कड फाटते. सुकण्याचा वेग दिवसाला साधारण २ ते ३ मिमी, त्यामुळे ६ मिमीच्या सांध्याला दोन-तीन दिवस पाणी लागू देऊ नका.

सॉसेजसारख्या मऊ पाकिटातलं सिलिकॉन स्वस्त दिसलं म्हणून उचलू नका, त्याला बंद नळीची वेगळी गन लागते.

नळीसाठी जुनी नळीच घेऊन जा. अर्धा इंच म्हणतात तो आटा बाहेरून मोजला तर सुमारे २१ मिमी भरतो, पाऊण इंच सुमारे २६.५ मिमी. टेपने मोजून "२१ मिमीची द्या" म्हणालात तर दुकानदारही गोंधळेल. दोन्ही टोकं वेगळी असू शकतात, नळाकडचं बऱ्याचदा बारीक आट्याचं असतं. लांबी अशी घ्या की नळी ताणलेली नको आणि तिला घडीही पडायला नको. आत रबराचं वायसर असेल तर आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, पाणी तिथे वायसर अडवतं. हाताने घट्ट करून पान्ह्याने पाव फेरी पुरे, जास्त आवळलं की वायसर कापलं जातं. आणि दुकानात जाण्याआधी अँगल कॉक (भिंतीतून नळीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करून नळ उघडून बघा. पाणी पूर्ण थांबत नसेल तर कॉकही यादीत लिहा. टेफ्लॉन टेप त्या कॉकला लागेल, आट्याच्या दिशेनेच गुंडाळायची.

काटकोन

भरपूर माहिती, आभार. भोक पाडून बघितलं. गिलाव्यानंतर पांढरट-करडी भुकटी आली आणि बिट हॅमरशिवायच आत गेलं. म्हणजे एएसी? मग ८ मिमीची साधी गिट्टी चालेल का? आणि रंगाचं कुणीच सांगितलं नाही.

आडवी_उभी

हो, एएसीच. साधी गिट्टी त्यात गोल फिरत राहते किंवा भोक मोठं करून सैल होते, कारण ब्लॉक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो, दाबाला भुसभुशीत होतो. एएसीसाठी वेगळ्या गिट्ट्या मिळतात, बाहेरून रुंद पंख किंवा स्क्रूसारखे मोठे आटे असलेल्या. पाकिटावर एएसीतला भार वेगळा छापलेला असतो, काँक्रीटचा आकडा बघून फसू नका. भोकाचं आणि स्क्रूचं मापही त्याच पाकिटावरून घ्या, माझा वरचा हिशेब इथे लागू नाही. हॅमर बंद ठेवा, बिट गोल डोलवू नका. ब्लॉकच्या सांध्यात आणि भिंतीच्या कडेजवळ भोक टाळा. सव्वा_सूत यांनी सांगितलेला लांब पायाचा ब्रॅकेट तर आता आणखी गरजेचा, प्रत्येकाला किमान दोन स्क्रूंची भोकं असलेला. स्क्रू आवळताना गिट्टी पकडली की थांबा, मशिनने आवळत राहिलात तर ती आतून भुकटी करते.

दोन_हात

रंगाचा हिशेब: परिमिती १४ मीटर × २.८ = ३९.२ चौमी. दार आणि खिडकी मिळून साडेतीन-चार चौमी वजा केले की ३५.५ च्या आसपास. डब्यावर लिटरला १० ते १२ चौमी लिहिलेलं असतं, ते गुळगुळीत भिंतीचं. १० धरा. दोन हातांना ७१ ÷ १० = ७.१ लिटर. डबे ४ लिटरचे असतील तर दोन.

शेड मशिनवर मिसळून घेणार असाल तर सगळा रंग एकाच वेळी घ्या आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही डबे एका बादलीत एकत्र करा. दोन डब्यांच्या छटेत डोळ्याला न दिसणारा फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. शेडचा कोड झाकणावर लिहून ठेवा. मिसळलेला रंग सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे शंका असेल तर आधी सगळ्यात लहान डबा घेऊन भिंतीवर दोन हात मारून बघा. ओल्या रंगावरून ठरवू नका.

तड्यांसाठी तयार लांबीचा (पुट्टीचा) एक किलोचा डबा पुरतो. तडा पत्र्याच्या टोकाने थोडा रुंद करा, नाहीतर लांबी वरवरच बसते. धूळ काढा, पाण्याचा हात फिरवा, पातळ थरांत भरा. एकदम जाड भरलं की आकसून पुन्हा तडा. सुकल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. भरलेल्या जागांवर प्रायमर लावा, नाहीतर लांबी रंग शोषून घेते आणि तिथे मळकट पट्टे दिसतात, दोन हात मारले तरी. चार तड्यांसाठी पूर्ण भिंतीला प्रायमर लागत नाही. मात्र भिंतीवर तळहात घासून पांढरा चुरा लागला तर जुना रंग सुटतोय, तेव्हा आधी खरवड, धुणं आणि मग सगळीकडे प्रायमर.

पॉलिश पेपर चालवताना आणि एएसीत भोक पाडताना धुळीचा मास्क लागेल. तो आणि चष्मा पहिल्याच यादीत टाका.

रोलर ९ ते १२ मिमी लवीचा, कोपऱ्यांसाठी ५० मिमीचा ब्रश. ब्रश चांगलाच घ्या, हलक्या ब्रशचे केस रंगात सुटतात आणि ते सुकल्यावर दिसतात.