प्लेअर मैदानात कोसळला की लगेच "लसीमुळं", आणि त्यावरनं पक्षांची भांडणं. तुमच्या ग्रुपवर पण हेच चाललंय काय?

पेठेतला_विंगर
नमस्कार मंडळी, कोल्हापूरचा आहे, तालमीकडनं फुटबॉल खेळतो. आमच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासनं एक व्हिडिओ फिरायलाय, जगभरातले प्लेअर पळता पळता धाडकन पडताना दाखवलेत, मागं रडकं म्युझिक आणि वर लिहिलंय की कोविडच्या लसीनं ही सगळी पोरं गेली. पहिलाच सीन डेन्मार्कच्या फुटबॉलर एरिक्सनचा. त्यावरनं जी जुंपली ती विचारू नका, एक पार्टी म्हणत्या तुमच्या सरकारनं घाईत लस टोचली, दुसरी म्हणत्या तुमच्या पक्षाला देशाचं काय चांगलं झालेलं बघवतच नाही. ज्या ग्रुपवर शाहू स्टेडियमच्या मॅचचं टायमिंग आणि ब्राझील-अर्जेंटिना एवढाच विषय असायचा, तिथनं दोन जुने सीनिअर प्लेअर ग्रुप सोडून गेले. आमच्याकडं चषक नेत्याच्या नावाचा, बक्षीस नेत्याचं, त्यामुळं प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गटाचा धरला जातोच, ते एक वेळ चालतंय. पण आमच्या एका ज्युनिअर पोराची आई म्हणाली की धाकटीला गोवराचा डोस द्यायचाच नाही आता, खेळाडू मरायलेत त्या लसीनं. हे ऐकून मला खरंच भीती वाटली. कुणाला नीट माहिती असली तर सांगा, मी ग्रुपवर टाकतो.

उपरा_मिडफिल्डर
एरिक्सनपासूनच सुरुवात करूया कारण ती मॅच मी लाइव्ह बघितलीय. १२ जून २०२१, कोपनहेगनचं पार्केन स्टेडियम, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड, हाफटाइमच्या थोडं आधी थ्रो-इनचा बॉल घ्यायला पुढे आला आणि तसाच कोसळला. डेन्मार्कचा कॅप्टन सिमोन केअरने धावत जाऊन त्याला सावरलं, डॉक्टरांनी मैदानातच छाती दाबली, डिफिब्रिलेटरचा (हृदय परत चालू करायच्या मशीनचा) शॉक दिला आणि तो परत आला. काही तासांत इंटरनेटवर सुरू झालं की त्याच्या क्लबच्या, इंटर मिलानच्या डॉक्टरनेच एका इटालियन रेडिओवर सांगितलं, याने फायझरची लस घेतली होती. त्या रेडिओ स्टेशनने स्वतः सांगितलं की अशी मुलाखत झालीच नाही. आणि इंटरचे डायरेक्टर मारोत्ता टीव्हीवर म्हणाले की त्याने लस घेतलेलीच नाही, त्याला कोविडही झालेला नव्हता. म्हणजे व्हिडिओतला पहिलाच सीन खोटा आहे भावा, हेच ग्रुपवर टाक आधी. आणि "गेला" कसला, तो छातीत आयसीडी (ठोके बिघडले की शॉक देणारं छोटं यंत्र) बसवून २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रेंटफर्डकडून परत खेळला, नंतर मँचेस्टर युनायटेडला गेला, युरो २०२४ मध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध गोल मारला.

अर्जेंटिनाच्या अग्वेरोचं पण टाकलेलं असणार त्यात. बार्सिलोनाकडून खेळताना त्याच्या हार्टचा प्रॉब्लेम निघाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये रिटायर झाला, पण याचा लसीशी संबंध नाही हे त्याच्या हार्टच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

फोंड्याचो_डिफेंडर
आम्हा गोंयकारांना हे सांगायला युरोपात जावं लागत नाही. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल, आमचा गोव्याचा डेम्पो क्लब विरुद्ध मोहन बागान. आमचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारताना गोलकीपरला धडकला, खाली पडला तो उठलाच नाही. २५ वर्षांचा होता. कप आम्ही जिंकलो पण त्या रात्री गोव्यात कोणी फटाके फोडले नाहीत, डेम्पोने त्याची १० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. मैदानावर लगेच मिळायला पाहिजे ती मदत नव्हती म्हणून तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता. मग सांगा, २००४ मध्ये कुठली कोविडची लस होती? त्याच वर्षी जानेवारीत पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा फेहेर गेला, आदल्या वर्षी कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फो कॉन्फेडरेशन्स कपच्या सेमीफायनलमध्ये गेला, २००७ ला स्पेनच्या सेव्हिया क्लबचा पुएर्ता. ह्या माणसांची नावं पुसून सगळा दोष २०२१ च्या लसीवर ढकलायचा, याचा मला मनापासून राग येतो.

साधा_मतदार_नगर
सगळं पटलं, पण एक बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून लिहितो. लोकांच्या मनात संशय आला तो काय हवेतून आला नाही, राजकारण्यांनीच पेरला. जानेवारी २०२१ मध्ये अखिलेश यादव म्हणाले ही भाजपची लस आहे, मी घेणार नाही, आणि जूनमध्ये म्हणाले ही भारत सरकारची लस आहे, घेतो. इकडे लसीच्या सर्टिफिकेटवर पंतप्रधानांचा फोटो. म्हणजे लस दंडात आणि प्रचार कागदावर. मग २०२४ च्या ऐन लोकसभा निवडणुकीत बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने इंग्लंडच्या कोर्टात कबूल केलं की फार क्वचित केसमध्ये रक्ताच्या गाठी होऊ शकतात, आणि त्याच आठवड्यात सर्टिफिकेटवरचा फोटो गायब झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. आरोग्य खात्याने सांगितलं आचारसंहितेमुळे काढला, ते बरोबरही होतं, पण गावात कोण ऐकतंय, लोक म्हणाले बघा पळ काढला. कोविशिल्ड म्हणजे तीच लस, आमच्या घरात सगळ्यांनी घेतलेली, आई दोन दिवस झोपली नाही. तिला काय वेडी म्हणायचं का? प्रश्न विचारला की लगेच देशद्रोही नाहीतर अंधभक्त, हे पहिलं बंद झालं पाहिजे.

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे, मिरजेकडे काम करते. नगरच्या दादांचा मुद्दा अगदी बरोबर आहे, तुमच्या आईंना वेडी म्हणायचा कुणालाच अधिकार नाही. त्यांना एवढंच सांगा की तो गाठींचा त्रास २०२१ मध्येच जाहीर झालेला होता, तो अतिशय क्वचित होतो आणि झाला तर डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतो, तीन-चार वर्षांनी नाही. तसंच फायझर-मॉडर्नाच्या लसीनं काही तरुण मुलग्यांच्या हृदयाला सूज आली हेही खरं आहे, बहुतेक जण बरे झाले, पण त्या लसी आपल्याकडच्या मोहिमेत नव्हत्याच.

आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) १८ ते ४५ वयाच्या अचानक गेलेल्या लोकांचा अभ्यास केला, देशभरातल्या ४७ हॉस्पिटलांमधून, २०२३ मध्ये छापून आला. लसीनं धोका वाढलेला दिसला नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत कमी दिसला. वाढलेला कशानं दिसला? कोविडमध्ये ॲडमिट व्हावं लागलेलं असणं, घरात आधी कुणी असंच अचानक गेलेलं असणं, मरणाच्या आदल्या एक-दोन दिवसांत भरपूर दारू, नशा, आणि अंगाला झेपणार नाही असा व्यायाम. २०२५ मध्ये हासन जिल्ह्यात हार्ट अटॅकनं झालेल्या मृत्यूंवरून कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी लसीच्या घाईवर बोट ठेवलं, केंद्रानं लगेच उत्तर दिलं, दोन दिवस टीव्हीवर तेच. शेवटी कर्नाटकच्याच समितीला लसीशी संबंध सापडला नाही, पण ती बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली?

आता त्या ज्युनिअर पोराच्या आईंचं. विंगर दादा, त्यांना व्हिडिओवर वाद घालू नका, जवळ बसून बोला. गोवर-रुबेलाची लस ही कोविडच्या लसीपेक्षा कितीतरी जुनी, पूर्ण वेगळी गोष्ट. पहिला डोस ९ महिन्यांनंतर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला तेव्हा लहान लहान पोरं गेली, लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली बरीच होती त्यात. गोवरानं न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, आंधळेपण येतं. त्यांच्या भागातल्या आशाताईंना घेऊन जा, त्या घरातल्या माणसासारख्या असतात, पक्षाच्या माणसाला मात्र अजिबात नेऊ नका.

पेठेतला_विंगर
ताई लई आभार. आशाताई ओळखीच्याच हायत, उद्या त्यांनाच विचारतो. गोव्याच्या भावानं सांगितलेलं ग्रुपवर टाकलं, आश्चर्य म्हणजे दोन्ही पार्टीचे गप झाले, एका सीनिअरनं लिहिलं की ती फायनल त्याला आठवत्या. मग एकानं विचारलं की उद्या आपल्यातला कोण पडला तर आपण काय करणार, आणि कुणालाच उत्तर आलं नाही.

वॉर्डातली_ताई
हा प्रश्न विचारणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. तोंडावर पाणी मारू नका, कांदा हुंगवत बसू नका. हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही दिसला की लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, एकानं १०८ ला फोन, एकानं एईडी मशीन (छातीला शॉक देणारं) आणायला पळायचं. शॉक द्यायला जेवढा उशीर तेवढी आशा कमी, दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्के. मशीन स्वतःच बोलून सांगतं काय करायचं ते. आणि सीझनच्या आधी प्रत्येक पोराचा ईसीजी, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल किंवा खेळताना चक्कर आली असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) पण. इटलीत १९८२ पासून खेळाडूंना ईसीजी सक्तीचा आहे, तिथं तरुण खेळाडूंचे असे मृत्यू खूप कमी झाले.

साधा_मतदार_नगर
चषकाला नाव देणाऱ्या नेत्यांकडे हेच मागा की. दोन्ही गटांकडे मागा, बॅनरच्या खर्चात मशीन येईल, त्याच्यावर फोटो लावायचा असेल तर लावू दे.

पेठेतला_विंगर
फोटोला आमची हरकत नाही, मशीन मैदानात पायजे, कुणाच्या हाफिसात नको. रविवारी तालमीत मीटिंग हाय, विषय मांडतो. ताई, छाती दाबायचं ट्रेनिंग द्यायला तुम्ही किंवा तुमच्यातलं कोण येईल काय?

वॉर्डातली_ताई
येते की. ज्युनिअर पोरांच्या आयांनाही बोलवा.