१९९४ चा बीटीसीसी सीझन: अल्फाने चीटिंग केली होती का? आणि व्हॉल्वोने रेसला स्टेशन वॅगन का आणली?

सातारा_थर्ड_गिअर

नमस्कार मंडळी, आधी थोडं बॅकग्राउंड सांगतो मग प्रश्न विचारतो. हॉस्टेलला असताना रूममेटच्या पीसीवर टोका २ हा गेम आम्ही रात्र रात्र खेळलोय, त्यात १९९८ च्या ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपच्या (म्हणजेच बीटीसीसीच्या) गाड्या होत्या, व्हॉल्वो एस ४०, रेनो लगुना, निसान प्रिमेरा, मोंडिओ वगैरे. थ्रक्सटन, ऑल्टन पार्क, नॉकहिल हे ट्रॅक मला आमच्या खंबाटकी घाटापेक्षा जास्त पाठ झाले होते. फॉर्म्युला वन कधी एवढं आवडलं नाही कारण तसली गाडी आपल्याला रस्त्यावर दिसतच नाही, पण ह्या गाड्या म्हणजे शेजारच्या काकांच्या पार्किंगमधून काढून आणल्यासारख्या, आणि दाराला दार घासत पळायच्या.

तर आता गेले दोन आठवडे जुन्या सीझनचे व्हिडिओ बघतोय आणि १९९४ वर अडकलोय. दोन गोष्टी कळत नाहीयेत. एक म्हणजे लाल अल्फा रोमिओ १५५ आल्या आणि त्यांचा ड्रायव्हर टार्क्विनीने पहिल्या पाचच्या पाच रेस मारल्या, मग एकदम ऑल्टन पार्कला अल्फा गायबच, आणि कॉमेंट्रीत सारखं विंग विंग चाललंय. ही चीटिंग होती का? कॉमेंटमधे अर्धे लोक चोर म्हणतात अर्धे हुशार म्हणतात. दुसरं म्हणजे व्हॉल्वो ८५० ची चक्क स्टेशन वॅगन पळतेय, मागे सामान भरायची जागा असलेली, हे कुणाच्या डोक्यातून आलं? ज्यांनी हे नीट फॉलो केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

बंपरवाला_चाकण

भावा फार आवडीचा विषय काढलास. मी प्लास्टिक पार्ट्सच्या लाइनमधे आहे, बंपर, स्पॉयलर, क्लॅडिंग हेच रोजचं काम, त्यामुळे ह्या भांडणाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आधी नियम समजून घे. त्या वेळच्या सुपर टूरिंग नियमात इंजिन २ लिटर, टर्बो नाही, ८५०० आरपीएमची लिमिट, आणि बॉडी शोरूमच्या गाडीची. म्हणजे तुला रेसच्या गाडीवर स्पॉयलर पाहिजे असेल तर तो आधी रस्त्यावरच्या गाडीवर विकायचा, आणि तोही २५०० गाड्यांवर. ह्यालाच होमोलोगेशन म्हणतात. आपल्याकडे एआरएआयला (गाड्या तपासणारी पुण्याची संस्था) गाडी पास करून घेतात तेही होमोलोगेशनच, पण तिथे रस्त्यासाठी गाडी कायद्यात बसते का हे बघतात. रेसमधलं वेगळं, तिथे प्रश्न एवढाच की तू आणलेली वस्तू खरंच गिऱ्हाइकाला विकलीस का.

बाकीच्या कंपन्यांनी हे फार मनावर घेतलं नाही. अल्फाने घेतलं. त्यांनी १५५ ची सिल्व्हरस्टोन नावाची एडिशन काढली, तिला पुढे बंपरखाली स्प्लिटर म्हणजे हवा कापणारी पट्टी, आणि मागे डिकीवर स्पॉयलर, ज्याला कॉमेंट्रीत विंग म्हणतात. आता गंमत अशी की हे दोन्ही पार्ट दोन पोझिशनला बसू शकायचे. स्प्लिटर आत किंवा पुढे ओढलेला, स्पॉयलर खाली किंवा उंच उचललेला. आणि स्पॉयलर उंच करायचे जोडपार्ट गाडीला लावलेले नव्हतेच, ते डिकीत सुटे ठेवून दिलेले. गिऱ्हाइकाने वाटलं तर लावावेत. रेसच्या गाडीवर अर्थातच सगळं पुढे ओढलेलं आणि उंच केलेलं.

फरक किती पडतो? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंगही तीच चाकं करतात आणि ओढतातही तीच, म्हणून पुढे हवेचा दाब मिळाला की टायर जमिनीला धरून राहतो. पण नुसतं पुढे दाबलंस तर फास्ट वळणावर मागची बाजू हलकी होऊन सुटते. म्हणून दोन्ही लागतं, पुढचं आणि मागचं. अल्फाकडे जोडी होती. थ्रक्सटनला बरीचशी मोठी फास्ट वळणं, तिथे तर हे लगेच दिसतं.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. आमच्याकडे एक बंपरचा ब्रॅकेट होता, त्याला गोल भोकाऐवजी लांबट स्लॉट ठेवलेला, फिटिंगच्या पोराला सोपं जावं म्हणून. ड्रॉइंगवर एकच पार्ट, एकच नंबर. पण बोल्ट ढिला करून सरकवला तर बंपर आठ-दहा मिलिमीटर पुढे यायचा. मग सांग, त्या बंपरची खरी जागा कुठली? इन्स्पेक्शनला तासभर वाद झालेला आमच्यात. अल्फाने हाच स्लॉट रेसिंगमधे वापरला. माझ्या मते चीटिंग नाही. पुस्तक सगळ्यांकडे एकच होतं, अल्फाने ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं.

रंकाळा_रेसर

चाकणच्या दादांचा मान ठेवून सांगतो, मला नाही पटत. डिकीत ठेवलेला पार्ट हा गाडीला लावलेला पार्ट कसा काय होईल? मी उद्या गाडीबरोबर डिकीत शिडी ठेवून विकली तर ती गाडीची उंची झाली का? नियमाचा हेतूच हा होता की लोक जी गाडी चालवतात तीच ट्रॅकवर दिसावी. रस्त्यावर कुणी तो स्पॉयलर उंच करून फिरत होता का, तर बहुतेकांनी ते जोडपार्ट पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नसतील.

आणि आकडे बघा ना. सीझनला एकूण २१ रेस. टार्क्विनी ८ जिंकला. त्यातल्या ५ पहिल्या पाचात, स्पॉयलर-स्प्लिटर सगळं उघडं म्हणजे बाहेर काढलेलं असताना. उरलेल्या १६ मधे फक्त ३. ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे.

झालं असं की बाकीच्या टीम तक्रारीला लागल्या, फोर्डची टीम त्यात पुढे. ऑल्टन पार्कला मे महिन्यात अल्फाला सांगण्यात आलं की स्पॉयलर आणि स्प्लिटर आत घेऊन पळवा. अल्फाने ऐकलं नाही, गाड्या ट्रकमधे घातल्या आणि रेस न करता निघून गेले. नंतर तडजोड झाली की १ जुलैपर्यंत उघडं ठेवा, त्यानंतर बंद. आता हे मला कधीच कळलं नाही, चूक असेल तर त्याच दिवशी बंद करा, बरोबर असेल तर चालू द्या, ही तारीख मधेच कुठून आली?

बंपरवाला_चाकण

रंकाळा, शिडीचं उदाहरण बरोबर नाही कारण शिडीला गाडीवर जागा नसते, ह्या पार्टला गाडीवर भोकं पाडलेली होती आणि तो कंपनीच्या पार्ट लिस्टमधे होता. पण तारखेबद्दल तुझं म्हणणं मला पूर्ण पटतं. ती तडजोड कुणालाच नीट सांगता येत नाही.

आकड्यांबद्दल मात्र थांब. त्या १६ मधे ऑल्टन पार्क अल्फा पळालीच नाही ती पण आली. आणि नॉकहिलला टार्क्विनीची गाडी पलटी खात खात गेली, तो व्हिडिओ बघितला नसशील तर बघ, छप्पर, चाकं, छप्पर, चाकं. शिवाय पाच महिने झाल्यावर दुसरे पण शिकतात. रेनोची लगुना त्या वर्षी नवीन होती, ती जसजशी सीझन पुढे गेला तशी सुधारत गेली आणि अ‍ॅलन मेन्यू दुसरा आला, तिसरा फोर्डचा पॉल रॅडिसिच. विंग आत घेतल्यावर सुद्धा टार्क्विनीने चॅम्पियनशिप हातची जाऊ दिली नाही ना, मग सगळं श्रेय त्या प्लास्टिकच्या पट्टीला कसं देता येईल.

लेस्टरचा_मराठी

मी इकडे लेस्टरला असतो, डोनिंग्टन पार्क अर्ध्या तासावर, त्यामुळे बीटीसीसीची ती मीटिंग मी सहसा चुकवत नाही. क्रेनर कर्व्हजच्या उतारावर उभं राहून बघितलं की गाड्या अंगावर येतात असं वाटतं, टीव्हीवर तो उतार कळतच नाही.

ऑल्टन पार्कबद्दल एक सांगतो. माझ्या कामावरचा एक जण तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, वडिलांबरोबर खास लाल अल्फा बघायला गेला होता. प्रॅक्टिसमधे दिसल्या आणि नंतर ग्रिडवर, म्हणजे रेस सुरू होते तिथे, बघतो तर दोन्ही नाहीत, टार्क्विनी पण नाही आणि अल्फाचा दुसरा ड्रायव्हर सिमोनी पण नाही. वडील म्हणे प्रोग्रॅमची वही उघडून सारखे नंबर तपासत होते. त्याला अजून आठवतं, तीस वर्षं होऊन गेली तरी. वाद कुणी जिंकला त्यापेक्षा मला हे जास्त लागतं, पैसे भरून आलेल्या माणसाला रेस बघायला मिळायला पाहिजे होती, मग कोर्टात काय ते बघा की.

बाकी त्या जमान्याबद्दल इथल्या लोकांना अजून प्रेम आहे कारण दहाएक कंपन्या एकाच ग्रिडवर होत्या, अल्फा, बीएमडब्ल्यू, फोर्ड, व्हॉक्सहॉल, रेनो, टोयोटा, निसान, प्युजो, माझदा, व्हॉल्वो. आता जुन्या गाड्यांच्या रेस होतात तेव्हा सुपर टूरिंगची एखादी गाडी आली की आवाजावरूनच कळतं, टर्बोचा दबलेला आवाज नाही, कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज, कुंपणाच्या तारेला हात लावला तर तार थरथरते.

मृणाल_पी

टार्क्विनीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हा माणूस १९९४ च्या आधी फॉर्म्युला वनमधे होता पण अगदी तळाच्या टीममधून. तेव्हा प्री-क्वालिफाइंग असायचं, म्हणजे क्वालिफाइंगमधे (रेसला कोण कुठून सुटणार हे ठरवणारी फेरी) बसायला मिळावं म्हणून आधी सकाळी वेगळी परीक्षा. त्यात सर्वात जास्त वेळा बाहेर पडायचा रेकॉर्ड ह्याच्याच नावावर आहे. किती वेळा तो ट्रॅकवर जाऊन रेस न करता घरी आला असेल ह्याचा विचार करा. आणि मग त्याला चांगली गाडी मिळाली तर पहिल्या पाच रेस सलग. मला तर ते बघून भरून येतं.

पुढे २००९ मधे तो सेआटमधून वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियन झाला, ४७ वर्षांचा असताना. आणि २०१८ ला ह्युंदाईमधून परत, तेव्हा ५६. तेव्हा विंगमुळे जिंकला असं म्हणणाऱ्यांनी हे पण बघा.

सातारा_थर्ड_गिअर

वा, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मृणाल ताई ते प्री-क्वालिफाइंगचं माहीतच नव्हतं. पण स्टेशन वॅगनचं राहिलंच की. गेममधे तर व्हॉल्वो सेडान होती.

बंपरवाला_चाकण

हो ते राहिलं. त्या काळात व्हॉल्वो म्हणजे सेफ गाडी, चौकोनी गाडी, मास्तर आणि डॉक्टर लोकांची गाडी अशी इमेज. आपल्याकडे टाटा इस्टेट यायची बघ पुण्यातून, तशी घरातली मोठी माणसं घेतात ती. व्हॉल्वोला ही इमेज मोडायची होती आणि पहिल्याच वर्षी जिंकता येणार नाही हे माहीत होतं. सेडान आणली असती तर दहावी कंपनी म्हणून कुणी मान वळवून बघितलं नसतं. वॅगन आणली तर बातमीच. टीम टॉम वॉकिनशॉची टीडब्ल्यूआर, ड्रायव्हर रिकार्ड रिडेल आणि यान लॅमर्स. ५ सिलिंडरचं इंजिन. वळणावर आतलं मागचं चाक हवेत उचलून ती लांबलचक गाडी जाते तो सीन मी शंभर वेळा बघितला असेल.

लोकांनी चिडवलं तर एकदा परेड लॅपला (रेसच्या आधीची हळू फेरी) त्यांनी मागच्या काचेत मोठा भुसा भरलेला कुत्रा बसवला, घरचा कुत्रा फिरायला निघाल्यासारखा. पण निकाल काही फार आला नाही, सर्वात चांगला नंबर रिडेलचा पाचवा, तोही ऑल्टन पार्कलाच, आणि सीझनला रिडेल चौदावा, लॅमर्स पंधरावा. छप्पर मागेपर्यंत म्हणजे वजन उंचावर आणि मागे, त्याला काही इलाज नाही.

आणि आता दोन्ही प्रश्न एकत्र येतात बघ. अल्फाच्या भांडणामुळे १९९५ ला सगळ्यांनाच विंग लावायला परवानगी मिळाली. मागचा विंग सेडानच्या डिकीवर नीट बसतो, वॅगनला त्याची जागाच नाही. म्हणून वॅगन एका वर्षात बंद, ८५० सेडान आली आणि रिडेल थेट तिसरा. चॅम्पियन त्या वर्षी व्हॉक्सहॉलचा जॉन क्लेलंड. तुझ्या गेममधल्या एस ४० ने १९९८ ला रिडेल चॅम्पियन झाला ते ह्याच रस्त्याने.

रंकाळा_रेसर

हे मात्र भारी सांगितलंत दादा. चीटिंग शब्द मी मागे घेतो, पण नियमाच्या हेतूला धरून नव्हतं हे माझं कायम राहील. आपल्याकडे फोक्सवॅगनचा कप असायचा, पोलो, व्हेंटो, अ‍ॅमिओ, त्यात कोल्हापूरचा ध्रुव मोहिते पळायचा म्हणून आम्ही फॉलो करायचो. तिथे सगळ्यांना एकसारखी गाडी, त्यामुळे असलं भांडण होतच नाही, ड्रायव्हर किती चांगला तेवढंच दिसतं. पण दहा कंपन्यांचे इंजिनिअर एकमेकांचे बंपर वाकून वाकून बघतायत ही मजा पण त्यात नाही, हे कबूल.

सातारा_थर्ड_गिअर

आत्ता चाकणच्या दादांचं वाचून लगेच करून बघितलं. लॅपटॉपवर सुरुवातीची ब्रँड्स हॅचची रेस आणि मोबाइलवर सीझनच्या शेवटची, दोन्ही अल्फाची मागची बाजू दिसणाऱ्या फ्रेमवर पॉज केल्या. पहिलीत डिकी आणि स्पॉयलरच्या मधून मागच्या गाडीचा हेडलाइट दिसतोय. दुसरीत फटच नाही, स्पॉयलर डिकीला टेकलेला. दहा वेळा बघितला असेल हा व्हिडिओ, आणि आज दिसलं.

आता परत थ्रक्सटनपासून सुरू करतोय.