दोन शॉर्टसोर्ड आणि ग्रेटसोर्ड: पाचव्या लेव्हलला फरक कसा भरून काढायचा?

प्रश्न
डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. दोन फाइटर, पाचवी लेव्हल, हल्ल्याचा बोनस दोघांचाही +७. एकाकडे ग्रेटसोर्ड, ग्रेट वेपन फायटिंग स्टाइल आणि ग्रेट वेपन मास्टर फीट (फीट म्हणजे जादा कौशल्य; यात हल्ल्याच्या फाशावर −५ घेतला की लागलेल्या वाराला +१० डॅमेज). दुसऱ्याकडे दोन शॉर्टसोर्ड आणि टू-वेपन फायटिंग स्टाइल, फीट नाही. दुसरा फार मागे पडतो. शॉर्टसोर्डचा डॅमेजचा फासा डी६ (सहा बाजूंचा) ऐवजी डी८ (आठ बाजूंचा) केला तर पुरेल का?

वीसबाजू
नाही पुरणार. शत्रूचा एसी (बचावाचा आकडा; हल्ल्याची बेरीज तेवढी झाली की वार लागतो) १५ धरा. वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा वर पडलं की लागतं, म्हणजे ६५ टक्के. शॉर्टसोर्डचे तीन हल्ले (तिसरा बोनस अ‍ॅक्शनने, म्हणजे टर्नमधल्या जादा कृतीने), प्रत्येकी ३.५ (फाशाची सरासरी) + ४ (क्षमतेचा बोनस), क्रिटसकट (२० पडलं की डॅमेजचे फासे दुप्पट) दर फेरीला साधारण १५. डी८ने १७. ग्रेटसोर्डचे साधे वारही १७च्या आसपास, कारण १ आणि २ पुन्हा टाकल्याने २डी६ची सरासरी ७वरून ८.३ होते. −५/+१० घेतल्यावर वार ४० टक्केच लागतात, तरी सरासरी १८.७. इथवर चालण्यासारखं आहे. खरी दरी अ‍ॅडव्हांटेजला (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेताना) पडते: ४०चे ६४ टक्के होतात आणि सरासरी थेट ३०वर जाते, शॉर्टसोर्ड मात्र २१वरच. कुणी फेअरी फायर (शत्रूवर अ‍ॅडव्हांटेज देणारा मंत्र) टाकलं की संपलंच. दोष फीटमध्ये आहे, फाशात नाही. शिवाय डी८ फुकट दिलात तर ड्युअल विल्डर फीट (दोन्ही हातांत डी८ची हत्यारं वापरू देणारा) घ्यायला कारण उरत नाही.

लोखंडीढाल
मग −५/+१०च्या जागी प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा बोनस) वजा आणि त्याच्या दुप्पट डॅमेज करा. पाचव्या लेव्हलला −३/+६.

वीसबाजू
ही दुरुस्ती पुष्कळ टेबलांवर असते, पण मोजून बघा. −३ला ५० टक्के लागतात, सरासरी १९.२, अ‍ॅडव्हांटेजला २९. काहीच कमी झालं नाही, उलट साधा आकडा वाढला. त्याऐवजी −५/+१० एका टर्नला एकाच वाराला ठेवा: साधी सरासरी १७.८, अ‍ॅडव्हांटेजला २७. अकराव्या लेव्हलला तिसरा हल्ला आला तरी फीट एकाच वाराला लागतो, म्हणून पुढेही ताबा राहतो.

दोनहाती
दुसऱ्या बाजूला २०२४च्या नियमांतली वेपन मास्टरी (प्रत्येक हत्याराचा खास गुण) उसनी घ्या, फक्त दोन शॉर्टसोर्ड ठेवू नका. एका हातात शॉर्टसोर्ड (व्हेक्स), दुसऱ्यात सिमिटार (निक). निकमुळे जादा वार अटॅक अ‍ॅक्शनमध्येच होतो आणि बोनस अ‍ॅक्शन सेकंड विंडसाठी (फाइटरने स्वतःला सावरण्यासाठी) मोकळी राहते. व्हेक्सने वार लागून डॅमेज झालं की त्याच शत्रूवरच्या पुढच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज. म्हणून आधी शॉर्टसोर्डचे दोन, शेवटी सिमिटार. हिशेब साधारण १८पर्यंत जातो, म्हणजे वरच्या १७.८च्या बरोबरीला. लक्ष्य बदललं की व्हेक्स वाया जातो, म्हणून ज्याच्यावर तो लागू आहे त्या मिनिएचरखाली एक नाणं ठेवा, नाहीतर तिसऱ्या फेरीत कुणालाच आठवत नाही.